माळ आणि औषध

सज्जनहो, तालुक्याच्या गावी आपण नेहमी पाहतो : दारूत बुडालेला माणूस आषाढीला गळ्यात माळ घालतो आणि त्याच दिवशी बाटली फोडतो. आपण धन्य धन्य म्हणतो. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली, की दोन-तीन दिवसांत हात कापू लागतात, झोप उडते, भास होतात. कधी झटके येऊन प्राणावर बेतते. मग घरचे म्हणतात, "बाहेरचं काहीतरी लागलं!" अन् धावतात देवऋष्याकडे. अहो, हे भूत नव्हे, दारूला सरावलेल्या मेंदूचा हा आकांत! तिथे आधी डॉक्टरच पाहिजे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे. १४४४६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

शरीर काही दिवसांत सावरते, मनाला मात्र वर्षे लागतात. मध्येच पाय घसरला तर "माळ बाटवली" म्हणून त्याला पंगतीतून उठवू नका. साखर पुन्हा वाढली म्हणून मधुमेहाच्या रोग्याला कोणी हाकलतो काय? औषध देह सांभाळील. गुत्त्याकडे पाय वळण्याची सांजवेळ आपण भजनाने, संगतीने सांभाळावी. दिंडीत मागे पडलेल्यासाठी आपण थांबतोच ना? आमचे म्हणणे एवढेच.

रामकृष्णहरि!