नोकरी सोडण्याआधी वही काढ

चि. भाचीस,


तू पाठवलेला तुमच्या गेमचा नमुना दोनदा खेळले. पावसातला घाट फार सुंदर जमला आहे. तुम्हा सहा जणांना खेळ बनवता येतो, याबद्दल मला शंका नाही. खटकले ते तुझ्या पत्रातले एक वाक्य: ‘पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच, चारही ठिकाणी एकाच दिवशी आणू, म्हणजे विक्री चौपट.’ बाळा, विक्री चौपट होईल की नाही ते गिऱ्हाइकाच्या हाती आहे. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून वाढेल आणि तो तुमच्याच खिशातून जाईल.

हा बाजार चालतो कसा ते आधी पाहा. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांना यंत्रातून मिळते थोडे, कधी तर तोटाच होतो. एक्सबॉक्सचे यंत्र कधीच नफ्यात विकले गेले नाही, अशी साक्ष मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दिली. त्या तोट्याची भरपाई होते त्यांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून. त्यात कंपनीचा वाटा साधारण ३० टक्के. पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानाचाही मूळ दर तोच आहे. एका गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर तो २५ टक्के होतो आणि ५ कोटींच्या वर २० टक्के. म्हणजे सवलत मिळते ती मोठ्यांना. तुम्ही ३० टक्केच धरून चला.

आता हिशोब मांडू. सहा जण, सरासरी ६० हजार पगार, २४ महिने: ८६ लाख ४० हजार. संगणक, जागा, संगीत, भाषांतरे आणि जाहिरात मिळून एक कोटी समजू. किंमत ५०० रुपये ठेवलीत तरी सेलमध्ये ती उतरवावीच लागते, म्हणून सरासरी ३०० धर. दुकानाचे ९० गेले, राहिले २१०. कर बाजूला ठेवला तरी नुसती गुंतवणूक भरून यायला जवळजवळ ४८ हजार प्रती विकाव्या लागतील. त्यात प्रकाशकाशी निम्म्या वाट्याचा करार केलात, तर हाती १०५ रुपये येतील. प्रकाशक पैसे आगाऊ देत असेल तर करार दोनदा वाच. दिलेली रक्कम आधी वसूल करून मगच वाटणी, असे कलम त्यात बहुधा असते. गेम खपत असतो, बातम्या छापून येत असतात आणि बनवणाऱ्यांच्या खात्यात महिनोन्‌महिने काहीच जमा होत नाही, ते या कलमामुळे.

वहीत प्रत्येक कन्सोलचे पान वेगळे ठेव. तिथे कंपनीची मान्यता लागते, तिचे डेव्हकिट, म्हणजे गेम करून पाहायचे खास यंत्र, लागते, तिच्या नियमांनुसार सर्टिफिकेशन होते. नापास झालात की दुरुस्ती करून पुन्हा पाठवायचे. एक्सबॉक्सवर नवा गेम आणायचा तर तो सिरीज एस या कमी ताकदीच्या यंत्रावरही चालावा लागतो. ‘बाल्डर्स गेट ३’ करणाऱ्या लॅरियनसारख्या मोठ्या स्टुडिओलाही ते जड गेले. गेम पीसीवर ऑगस्ट २०२३ मध्ये आला, प्लेस्टेशनवर सप्टेंबरमध्ये आणि एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला.

समज, स्विचच्या पोर्टला, म्हणजे गेम त्या यंत्रावर चालेल असा करायला, १२ लाख लागतील. २१० ने भागलेस की पावणेसहा हजार प्रती येतात. स्विच किती कोटी घरांत आहे हे ऐकून हुरळून जाऊ नकोस. तुमच्यासारखे गेम घेणारे पावणेसहा हजार लोक तिथे आहेत का, एवढेच विचार. असतील तर पोर्ट करा, नसतील तर ते १२ लाख मूळ गेमवर लावा.

चांगला गेम आपोआप तरतो, असेही समजू नकोस. सेगाने १९९९ मध्ये आपल्या ड्रीमकास्ट या कन्सोलसाठी ‘शेनम्यू’ काढला. त्याचा खर्च ४.७ कोटी डॉलर झाल्याचे त्याचे कर्ते यू सुझुकी यांनी पुढे सांगितले. प्रती सुमारे १२ लाख खपल्या, म्हणजे एका प्रतीमागे ३९ डॉलर नुसता खर्च. मुळात ड्रीमकास्टच जगभरात ९० लाखांच्या आसपास विकला गेला होता, त्यामुळे गिऱ्हाईक वाढायला जागा मर्यादितच होती. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणे थांबवले.

याउलट ‘स्टारड्यू व्हॅली’ पाहा. एरिक बॅरोन यांनी तो एकट्याने केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो फक्त पीसीवर आला. डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेला, स्विचवर ऑक्टोबर २०१७ मध्ये. असे यश लाखात एखाद्याला मिळते, म्हणून त्याचे आकडे तुझ्या वहीत नकोत. क्रम मात्र घे. आपल्या पुण्यातल्या नोडिंग हेड्सचा ‘राजी’ही ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला आणि बाकी ठिकाणी ऑक्टोबरमध्ये. त्याआधी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांना ठरवलेली रक्कम जमली नव्हती, तरी ती मंडळी टिकून राहिली.

म्हणून माझे सांगणे ऐक. गेम लहान करा, २४ महिन्यांऐवजी १२ महिन्यांत पुरा होईल एवढा. त्याने गरजेच्या प्रती जवळजवळ निम्म्यावर येतील. पहिल्यांदा फक्त पीसीवर आणा आणि पुढचे प्रत्येक कन्सोल पहिल्या कमाईतून करा. एखाद्या कंपनीने सदस्यत्व योजनेसाठी ठोक रक्कम देऊ केली, तर ती सुट्या विक्रीतून किती प्रतींइतकी भरते ते मोजून मगच हो म्हणा. आणि गेम आल्यानंतरचे सहा महिन्यांचे पगार बाजूला ठेवा. दुरुस्त्या तेव्हाच निघतात आणि विक्रीचे पैसेही उशिरा हाती येतात.

मला तुम्ही एकच गेम करून दमलेले नको आहात. तुमचा दुसरा आणि तिसरा गेमही यायला हवा, आणि त्यासाठी पहिल्याने तुम्हाला कर्जात टाकता कामा नये. चारही ठिकाणांची चार पाने भरून मला पाठव. प्रत्येक पानावर तळाशी प्रतींचा आकडा हवा. तो मला पटला की राजीनाम्याचा मसुदा आपण दोघी बसून लिहू.

तुझी,
मावशी