शस्त्र, गरज आणि तृष्णा



२०१९ सालच्या वर्षावासात एका गावच्या विहारात वंदना आटोपल्यावर एक तरुण उपासक उठून उभा राहिला आणि त्याने सर्वांसमक्ष मला विचारले, "गुरुजी, आम्ही पंचशील घेतले आहे. मग आमच्या घरी बंदूक असावी की नसावी?" काही जण हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. त्याचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या घरात एक नव्हे, तीन बंदुका होत्या. पोराचा प्रश्न घरातूनच उठलेला होता.

मी घाईने उत्तर दिले. म्हणालो, पहिल्या शीलाने प्राणिहत्या वर्ज्य केली आहे, तेव्हा बौद्धाच्या घरी शस्त्राचे काम नाही. मागच्या रांगेतून सुभेदारसाहेब उठले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर शीलभंगच करीत आलो काय, गुरुजी?"

मला उत्तर सुचले नाही. ज्या समाजाच्या सैन्यभरतीवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदी घातली, ज्याला पुन्हा बंदूक हाती धरण्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या आणि ज्याची महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, त्या समाजातील जुन्या सैनिकाला मी एका वाक्यात पापी ठरवून मोकळा झालो होतो. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी हेही सुभेदारच होते, हे मी त्या क्षणी विसरलो. म्हणून त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते आज लिहितो आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार सविस्तर मांडला आहे. त्यांचे म्हणणे असे की तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, तो नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व मात्र माणसाला विचार करायला लावते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा फरक तेथे स्पष्ट केलेला आहे. वैशालीच्या सिंह सेनापतीने तथागतांना विचारलेली शंकाही त्या ग्रंथात आहे. अपराध्याला शासन करू नये काय, आपल्या माणसांचे रक्षण करण्यासाठी युद्ध करू नये काय, असे तो विचारतो. तथागत त्याला सेनापतिपद टाकून दे असे सांगत नाहीत. शासन करावे लागले तरी ते द्वेषाने करू नये, असा त्या उत्तराचा रोख आहे.

तेव्हा सुभेदारसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. त्यांनी शीलभंग केलेला नाही. पण पोराच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे मिळत नाही. सीमेवर बंदूक गरजेची होती. घरात ती कोणत्या गरजेची आहे? आणि तीन कोणत्या गरजेच्या आहेत?

गरजेची बंदूक असते, हे आधी मान्य करू. कोकणात आणि रानालगतच्या गावांत रानडुकरे एका रात्रीत भाताचे शेत उधळून टाकतात. तेथे पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेत. आपले कितीतरी निवृत्त जवान बाराबोर बंदुकीचा परवाना काढून बँकेच्या दारात पहारा करतात आणि त्या पगारावर मुलांची शिक्षणे करतात. हा सम्यक आजीविकेचाच भाग आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. परंतु व्यापार करणे वेगळे आणि पहारा करणे वेगळे.

याहून गंभीर गरज आहे ती जिवाच्या रक्षणाची. बिहारमध्ये लक्ष्मणपूर बाथे येथे १ डिसेंबर १९९७ च्या रात्री जमीनदारांच्या खाजगी सेनेने ५८ दलितांना गोळ्या घातल्या. त्यांत स्त्रिया होत्या, लेकरे होती. अशा गावातील माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू की तू शस्त्राला हात लावू नकोस? कायदाही तसे सांगत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ साली झाले. जेथे अत्याचाराचा धोका आहे असे क्षेत्र ठरवून तेथे शासनाने काय करावे हे तिसऱ्या नियमात लिहिले आहे. त्या नियमातला क्रम मुद्दाम पाहा. आधी म्हटले आहे की आवश्यक वाटल्यास त्या क्षेत्रातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारजमा करावीत. मग बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि त्या बनविण्यास बंदी करावी. त्यानंतर आपल्या माणसांच्या जीवित-वित्ताच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास त्यांना परवाने द्यावेत.

आपली पोरे यातले शेवटचे कलमच सांगत फिरतात. पण बळी पडणाऱ्याला बंदूक देण्याआधी बळजोराची बंदूक काढून घ्या, हा त्यातला पहिला विचार आहे. गावात बंदुका जितक्या वाढतील तितके आपण सुरक्षित होऊ, असे मानणाऱ्याने आपल्या वस्तीत माणसे किती आणि समोरच्या आळीत किती, हे मोजून पाहावे. मोजणीच्या शर्यतीत थोड्यांचा विजय होत नसतो. म्हणून तहसील कचेरीत अर्ज घेऊन जाल तेव्हा परवान्याबरोबर त्या पहिल्या कलमाचीही मागणी करा. ती मागणी करायला बंदुकीपेक्षा जास्त धैर्य लागते, हे मी जाणतो.

आता संग्रहाचे पाहू. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी वाड्याच्या भिंती पाहिल्या असतील. भिंतीवर ओळीने तलवारी, ढाल, दोन-चार बंदुका, मध्ये वाघाचे मुंडके. त्या बंदुका उडताना कुणी पाहिल्या नाहीत. त्या उडण्यासाठी नव्हत्याच. सडासारवणाला, लाकडे फोडायला, येसकराचा निरोप घेऊन अंगणात जाणाऱ्या आपल्या आजोबांनी त्या खालून पाहाव्यात म्हणून त्या तेथे टांगलेल्या होत्या. रक्षणाला एक बंदूक पुरते. उरलेल्या बघणाऱ्याच्या मनात धाक भरण्यासाठी असतात. संग्रह केव्हा फाजील होतो, असे मला कुणी विचारले तर मी त्याला त्या अंगणात उभे करीन आणि वर पाहायला सांगेन.

आणि आज आपल्याच काही वस्त्यांत काय चालले आहे? वाढदिवसाला तलवारीने केक कापला जातो. फलकावर भाऊ कमरेला पिस्तूल लावून उभा असतो, आणि शेजारी बाबासाहेबांचे चित्र असते! ज्यांनी हातात ग्रंथ धरला त्यांच्या शेजारी! पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवितात, पोराची नोकरी जाते, आई जामिनासाठी डोरले गहाण टाकते. मिरवणुकीत हवेत गोळी झाडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. मला मात्र शिक्षेपेक्षा दुसरीच गोष्ट लागते. ज्या भिंतीखालून आपण बाहेर आलो तीच भिंत आपण आपल्या घरात बांधू पाहतो.

कायद्याने मर्यादेचा आकडा घातला आहे. १९५९ चा शस्त्र कायदा झाला तेव्हा एका माणसाकडे किती बंदुका असाव्यात याला बंधन नव्हते. १९८३ च्या दुरुस्तीने ते तीनवर आणले. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा दुरुस्ती होऊन आकडा दोनवर आला. वारसाने आलेली जुनी बंदूकही याच दोनांत धरायची. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास एक वर्षाची मुदत मिळाली. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे एकाच माणसाने ३५ जणांना ठार केले. त्यानंतर त्या देशाने सहा लाखांहून अधिक बंदुका पैसे देऊन लोकांकडून परत घेतल्या आणि पुढे प्रत्येक बंदुकीसाठी वेगळे, खरे कारण दाखविण्याची अट घातली. मला ही अट आवडते. तुझ्याकडे किती आहेत हे न विचारता ही कशासाठी आहे, असे एकेका बंदुकीला विचारायचे. अमेरिकेत हे असे कुणी विचारीत नाही, म्हणून तेथे नागरिकांकडच्या बंदुका माणसांच्या संख्येपेक्षा जास्त झाल्या आहेत.

आकड्याचा नाद काय करतो हे आपल्या वाङ्मयातच आहे. अंगुलिमालाची कथा तुम्ही पोरांना सांगता. अट्ठकथेत तिचा एक तपशील आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. गुरूने त्याच्याकडे हजार बोटांची दक्षिणा मागितली होती. बोटे मोजताना त्याचा हिशेब चुकू लागला, ठेवलेली बोटे नासू लागली, म्हणून त्याने ती ओवून गळ्यात घातली. माळ घातली ती मोजदादीसाठी! आणि एकच बोट कमी राहिले तेव्हा समोरून त्याची स्वतःची आई येत होती. बोटांचा त्याला उपयोग काय होता? काही नाही. पण आकडा पुरा व्हायला हवा होता. तृष्णा म्हणतात ती हीच. तिला वस्तू नको असते, पुढची वस्तू हवी असते.

घरात गरजेची एक बंदूक असेल तर ती बाळगण्याची रीत असते. परवान्याचे नूतनीकरण वेळेवर करावे. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करण्याचा हुकूम आला तर तक्रार न करता जमा करावी. काडतुसे एका कुलपात आणि बंदूक दुसऱ्या कुलपात ठेवावी. किती काडतुसे आणली, किती उडाली, किती उरली याची वही ठेवावी. परवाना ज्याच्या नावाचा त्यानेच तिला हात लावावा. मेव्हणा मागतो, मित्र लग्नाच्या वरातीला मागतो, त्यांना नाही म्हणावे. एका बंदुकीचे हे सगळे नीट सांभाळताना माणूस मेटाकुटीला येतो. पाच बंदुकांचे कोण सांभाळील? ज्या दिवशी तुम्हाला आपल्या काडतुसांचा आकडा आठवत नाही, त्या दिवशी तुमच्याकडे शस्त्र जास्त झाले असे समजा, मग ते एक का असेना.

आणि कुलपाचे मी पुन्हा सांगतो. चोराच्या भीतीने ते लावायचे आहेच, पण त्याहून अधिक घरच्या माणसाच्या दुःखासाठी. परीक्षेत नापास झालेला मुलगा, कर्जाने पिचलेला भाऊ, रात्री पिऊन आलेला बाप. (दारू न पिण्याचे शील आपण घेतले आहे. तरीही हे लिहावे लागते, याचे मला दुःख आहे.) अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात ते काम कोपऱ्यातली कीटकनाशकाची बाटली करते. निराशेची ती घटका टळली तर माणूस वाचतो. हाताशी साधन असले की ती टळत नाही. म्हणून बंदूक असो की बाटली, तिची किल्ली कुणाजवळ आहे हे घरातल्या बाईला ठाऊक असलेच पाहिजे. घरात शस्त्र आणताना तिला विचारले होते काय, हाही प्रश्न आहेच.

सुभेदारसाहेबांच्या घरी शेवट तिनेच केला. नवा कायदा आल्यावर तीनातली एक देणे भागच होते. दुनाळी बाराबोर त्यांच्या बँकेतल्या पहाऱ्याची होती. ठासणीची वडिलांची होती. रिव्हॉल्व्हर निवृत्तीनंतर कुणाच्या तरी ओळखीने हौसेने परवाना मिळवून घेतलेले. मुलाला रिव्हॉल्व्हर ठेवायचे होते, सुभेदारांचा जीव वडिलांच्या बंदुकीत अडकला होता. घरात आठ दिवस अबोला होता, असे मला नंतर कळले. मग एका सकाळी सुभेदारीणबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बँकेत एवढ्या पैशावर पहारा करताना तुम्हाला एक पुरली. या घरात असं काय आहे, की दोन लागतात?"

टाळेबंदी उठल्यावर सुभेदारसाहेब पोलीस ठाण्यात गेले तेव्हा त्यांनी मला बरोबर नेले. जमा करायची एकच होती, त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि दुनाळी दोन्ही टेबलावर ठेवल्या. बँकेची नोकरी संपून तेव्हा दोन वर्षे झाली होती. हवालदाराने विचारले, "तिसरी कुठंय?" ते म्हणाले, "ती माझ्या बापाची आहे. शेत आहे, डुकरं आहेत. ती राहील." हवालदाराने नोंद केली आणि पावती फाडून दिली. ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आता पोराला पुन्हा विचारायला सांगा, गुरुजी."