पिशवी कोणी रिकामी करायची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. एरवीही तिला चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. ती ज्या हातात वर्षभर असते त्या हाताची मात्र आपल्याला त्या दिवशीही आठवण होत नाही. केरसुणीच्या जोडीला व्हॅक्यूम क्लीनर आला म्हणून हा विसराळूपणा जात नाही. तो दुकानात आपल्याबरोबर येतो.

खरेदीला निघालेल्या कुटुंबाचे बोलणे ऐका. वॅट किती, हमी किती वर्षांची, रंग कोणता! (वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते त्याचा आकडा, ते धूळ किती ओढते हे त्यावरून कळत नाही. पण ते असो.) आतली धूळ कोण काढणार, हे कोणी विचारीत नाही. मला तर पहिला प्रश्न हाच वाटतो, आणि तो नुसता सोयीचा नाही, नीतीचा आहे.

हे यंत्र घडवणाऱ्यांत एक झाडणारा माणूस होता. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोट करी. त्याला दमा होता. झाडताना उडणारी धूळ सोसेना, तेव्हा त्याने विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची सांगड घातली. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले. ज्याचा श्वास कोंडत होता, त्यानेच यंत्र योजले. तो अभ्रा त्याच्या छातीसाठी होता.

आता आपली निवड पाहा. पिशवीच्या यंत्रात धूळ पिशवीत राहते आणि पिशवीसकट बाहेर जाते; मात्र पिशव्या विकत आणाव्या लागतात. बिनपिशवीच्या यंत्रात हवा भोवऱ्यासारखी फिरून धूळ भांड्यात पडते. जेम्स डायसनने त्यासाठी ५,१२७ नमुने केले, असे सांगतात. कल्पना चतुर खरी; पण ते भांडे उलटे करताना बारीक धूळ उडते. पिशवीचे पैसे वाचतात, ते वसूल कोणाच्या नाकातून होतात? बहुधा मोलकरणीच्या. ‘तिला पगार देतो की!’ असे उत्तर येते. पगार कामाचा असतो. धूळ गिळण्याचा दर कोणी ठरवलेला असतो?

ओले-सुके दोन्ही ओढणारे पिंप पावसाळ्यात गॅलरीतले पाणीही उचलते, पण जिना चढवताना कंबर मोडते. बिनवायरचे दांड्याचे यंत्र हलके, पण त्याची बॅटरी वर्षागणिक थकत जाते. आपोआप फिरणारी तबकडी उंबऱ्याशी अडते, आणि तिच्या ब्रशात गुंतलेले केस शेवटी माणसालाच कात्रीने कापावे लागतात. खरे म्हणजे आपल्या फरशीला केरसुणी आणि ओले फडके पुरते. यंत्राची खरी गरज गाद्या, पडदे आणि पुस्तकांच्या कपाटाला असते.

निगा राखणे अवघड नाही. पिशवी दोनतृतीयांश भरली की बदलावी. धुण्याजोगी गाळणी धुतली तर दिवसभर वाळवावी; ओली बसवली की कुबट वास येतो. रांगोळीची भुकटी ओढू नये, गाळणी तुंबते. फुलबाज्यांची निखारलेली टोके तर मुळीच ओढू नयेत. आतल्या धुळीला आग लागायची. या गोष्टी माहितीपत्रकात असतात, पण पत्रक मालकाच्या कपाटात आणि यंत्र मोलकरणीच्या हाती. मग ते बिघडले की, ‘हिला वापरताच येत नाही!’ आपण तिला कधी दाखवले होते?

म्हणून दुकानात तिला बरोबर न्यावे. नळी तिच्या हाती द्यावी, भांडे तिलाच उघडून पुन्हा बसवायला सांगावे. ‘हे जड आहे, ते दुसरे बरे,’ असे ती म्हणाली, तर विक्रेत्याच्या तोंडाकडे न बघता ते दुसरेच घ्यावे. मग त्याचा रंग पडद्यांना शोभो वा न शोभो.