कर्तव्याचा भार

युद्धपटांविषयी आम्हांला फारशी प्रीती नाही. त्यांत तोफा पुष्कळ असतात आणि माणसे थोडी. परंतु इंग्लंडातील ईलिंग चित्रसंस्थेने १९५३ साली काढलेला, चार्ल्स फ्रेंड दिग्दर्शित 'द क्रूएल सी' हा बोलपट त्याला अपवाद होय. ज्या कादंबरीवरून तो रचला, ती लिहिणाऱ्या निकोलस मॉन्सरातने दुसऱ्या महायुद्धात अशाच लहान युद्धनौकांवर स्वतः चाकरी केली होती. त्यातील एका प्रसंगाने आमच्यापुढे टाकलेला प्रश्न अद्याप आमची पाठ सोडीत नाही.

'कंपास रोज' ही अटलांटिक महासागरात व्यापारी जहाजांच्या तांड्यांची राखण करणारी नौका. (या वर्गातील नौकांना इंग्रजांनी फुलांची नावे दिली होती, काम संहाराचे आणि नावे बागेतली!) शत्रूच्या पाणबुडीने एक व्यापारी जहाज बुडविले आहे. त्यावरील खलाशी पाण्यात तरंगत आहेत. नौका येताना पाहून त्यांच्या जिवात जीव येतो. इतक्यात, प्रतिध्वनीवरून पाण्याखालची वस्तू हुडकणारे यंत्र सांगते की, पाणबुडी नेमकी या माणसांच्याच खाली आहे. तिला सोडावे, तर ती आणखी जहाजे बुडविणार. कप्तान एरिक्सन खोल पाण्यात फुटणारे बाँब टाकण्याची आज्ञा देतो. तरंगणारी माणसे मरतात. पाणबुडी बुडाल्याची खूण मात्र कोठेच दिसत नाही.

'पुष्कळांचे पुष्कळ सुख' पाहणारे येथे चटकन बेरीज मांडतील. पण बेरजेला आकडे निश्चित लागतात. येथे एका बाजूची माणसे डोळ्यांना दिसत होती. दुसऱ्या बाजूचा शत्रू केवळ कानांनी ऐकला होता, आणि असा प्रतिध्वनी बुडालेल्या जहाजावरून किंवा देवमाशावरूनही येऊ शकतो. मग थांबावे काय? थांबणे हाही निर्णयच, आणि त्याने मरणारी माणसे न दिसणारी, एवढाच भेद. आम्ही एरिक्सनच्या जागी असतो तर काय केले असते, हे सांगण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

पुढे मद्याने बेभान झालेला कप्तान रडतो. त्याचा सहाय्यक लॉकहार्ट म्हणतो, पाणबुडी आहे असे मीच सांगितले, तेव्हा त्या माणसांना मीच मारले. कचेऱ्यांतून व समित्यांतून दोष दुसऱ्याच्या पदरी टाकण्याची रीत आपल्या नित्य परिचयाची. येथे एक मनुष्य तो मागून घेत आहे. एरिक्सन तो देत नाही. हा सारा युद्धाचा दोष, असे तो म्हणतो खरे; पण ते त्याचे त्यालाच पटलेले दिसत नाही, कारण डोळ्यांचे पाणी खळत नाही.

कृत्य योग्य होते तर अश्रू का, असे कोणी विचारील. युधिष्ठिराचे युद्ध धर्मयुद्ध म्हणूनच गणले गेले. तरी शांतिपर्वाच्या आरंभी तो राज्य टाकून वनात जाऊ पाहतो. सारे त्याची समजूत घालतात, पण त्याचा शोक लवकर ओसरत नाही. शेवटी तो सिंहासनावर बसला, तो पुष्कळ समजूत घातल्यानंतरच. कर्तव्य केल्याने मनुष्य दोषमुक्त होतो, हे आम्हांला म्हणूनच अर्धे खरे वाटते.

एरिक्सनही पुन्हा आपल्या जागी उभा राहतो. पुढे पाणतीर लागून 'कंपास रोज' बुडते, आणि हाच कप्तान रात्रभर थंडगार समुद्रात, मूठभर सोबत्यांसह, एखादे जहाज आपल्याकडे येईल म्हणून वाट पाहत राहतो.