येशू वाटेत का थांबला?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्रीची कथा आपण मिस्साविधीत अनेकदा ऐकली आहे. बारा वर्षे ती पीडित होती. अनेक वैद्य झाले, जवळचा पैसा संपला, दुखणे मात्र वाढतच गेले. अखेर गर्दीत मागून येऊन तिने येशूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि त्याच क्षणी ती बरी झाली. कथा इथेच संपायला हरकत नव्हती. परंतु येशू थांबतो आणि आपल्याला कोणी स्पर्श केला, असे विचारतो. स्त्री तर बरी झालीच होती. मग हे थांबणे कशासाठी?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. येशू त्या वेळी याईराच्या घरी निघाला होता. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणपंथाला लागली होती आणि येशू वाटेत थांबलेला असतानाच ती गेल्याचा निरोप आला. एका दुःखिताकडे लक्ष देताना दुसऱ्याला ताटकळत ठेवण्याचा अधिकार करुणेला आहे काय? शिवाय, त्या स्त्रीने लाजेने लपविलेले दुखणे चारचौघांत वदवून घेणे, याला दया म्हणावे काय?

या प्रश्नांचा विचार करताना आम्हांला नंदुरबार जिल्हा आठवतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, शंभरातील सुमारे ६९ माणसे आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा या समाजांत रक्ताचेच एक दुखणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते म्हणजे सिकलसेल. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा उठतात. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने या कळा कमी करता येतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने रोग बराही होऊ शकतो, पण तो उपचार फार थोड्यांच्या आवाक्यातला आहे.

असे दुखणे घरात आले की पहिला प्रश्न उठतो : पाप कोणाचे? जन्मांधाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते आणि येशूने तो तर्क नाकारला होता. विज्ञानही येथे वेगळेच काही सांगते. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर माणूस केवळ वाहक होतो आणि गंभीर हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून आला तर मूल रुग्ण होते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारांत एक असते. ज्या गुणाने रानावनातल्या पूर्वजांना तारले, त्याचाच भार आज एखादे लेकरू वाहत आहे. त्यात शिक्षा शोधणे हा त्या लेकरावर अन्याय आहे.

कळा बाहेरून दिसत नाहीत, हे या रुग्णाचे दुसरे दुःख. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबात ज्याच्याने कोयता उचलवत नाही, तो सहज आळशी ठरतो. अतिश्रमाने आणि शरीरातील पाणी कमी झाल्याने तर कळा अधिकच उठतात. रोगाने शरीर पिळवटते आणि अविश्वासाने माणूस एकटा पडतो.

येशूच्या थांबण्याचा अर्थ आम्हांला इथे सापडतो. मोशेच्या नियमाप्रमाणे रक्तस्रावी स्त्री अशुद्ध मानली जाई. ती गुपचूप बरी होऊन घरी गेली असती, तरी लोकांच्या लेखी अशुद्धच राहिली असती. येशूने तिची सारी हकिकत ऐकून घेतली आणि सर्वांसमक्ष तिला मुलगी म्हटले. ज्या लोकांनी तिला दूर ठेवले होते, त्यांच्याच देखत तिला आपले म्हणणे आवश्यक होते. ‘कळवळा’ या आपल्या शब्दात ‘कळ’ ऐकू येते आणि ‘कळणे’ही.

आणि याईर? त्याला थांबावे लागले, हे खरे आहे. रुग्ण असलेल्या घरात आजही हेच घडते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या आईची मजुरी बुडते आणि धडधाकट भावंड तिची वाट पाहत बसते. करुणेची किंमत अशी शेजारच्यालाही मोजावी लागते. परंतु येशू याईराला विसरला नाही. भिऊ नको, असा धीर देऊन तो त्याच्या घरी गेला आणि मुलीचा हात धरून त्याने तिला उठविले. आपल्याला एकाच वेळी दोन घरी जाता येत नाही. म्हणूनच धर्मग्रामात कुटुंबे अनेक असतात.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या ‘साल्विफिची दोलोरिस’ या प्रेषितपत्रात दयाळू शोमरोन्याची ओळख अशीच सांगितली आहे : तो दुःखिताजवळ थांबतो, आणि थांबून मदतही करतो. नुसते थांबणे औषधाची जागा घेऊ शकत नाही. सातपुड्यात रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते, तेव्हा त्या झोळीला खांदा देणे हीच प्रार्थना असते. विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेणे, वाहक निघालेल्या मुलीला नाकारून तिचा अपमान न करणे, दुखते आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे, ही कामे आपल्या प्रत्येकाच्या हातातली आहेत.

१९९३ पासून ११ फेब्रुवारी हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मिस्सा आटोपून घरी परतताना, वाटेत एखाद्या आजाऱ्याच्या दारी आपणही थांबावे.