दिसत नाही, म्हणून नाही?

मुरबाडच्या बाजारपेठेतलं एखादं झेरॉक्सचं दुकान घ्या. मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, त्यात दाखल्यांचे आणि सातबाऱ्यांचे स्कॅन. पुढच्या टेबलावर विंडोज. गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि नेटवर्कच्या खिडकीत काल दिसणारा मागचा कॉम्प्युटर आज गायब. "सर्व्हर गेला," पोऱ्या सांगून मोकळा होतो. मागच्या खोलीत पंखा घुरघुरतच असतो.

दिसत नाही यावरून नाही असं ठरवायचं केव्हा? सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाणच, ज्ञानाचं वेगळं साधनच, मानलं. नैयायिकांना ते पटलं नाही. प्रत्यक्षाने काम भागतं, असं त्यांचं म्हणणं. वाद लांबला, पण एक अट महत्त्वाची ठरली: घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. काळोखात घडा दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. पिशाच्चाचं तर विचारूच नका. ते असलं तरी दिसणार नाही. शहापूरकरांना हे शिकवायला नको. आषाढात ढग उतरले की आसनगावहून माहुलीचे सुळके दिसत नाहीत. म्हणून वजीर सुळका कोसळला असं कुणी म्हणत नाही.

दुकानातल्या गायब कॉम्प्युटरचंही तसंच. लिनक्सवरच्या फाइली विंडोजपुढे मांडतं ते सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली, तीही तारेवरून जाणारे संदेश न्याहाळत. शेजारच्या कॉम्प्युटरांची जुनी यादी एसएमबी-१ या बोलीच्या आधारावर चाले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर तिच्याच फटीतून पसरलं. जूनमध्ये त्याच धर्तीच्या नोटपेट्याने न्हावा-शेव्यातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. मग ती बोली बंद होत गेली आणि यादी ओस पडली. उजेड गेला, घडा जागेवरच.

म्हणून जाणता माणूस यादीवर विसंबत नाही. आधी पिंग, मग ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे का ते पाहणं, मग यादीला वळसा घालून थेट आयपी पत्ता. रात्री लाईट गेली असेल तर राउटरने पत्ताच बदललेला असू शकतो.

लिनक्सवरून दुसऱ्या यंत्राला जोडताना येणारा 'होस्ट इज डाउन' हा संदेश मात्र बेरकी. पलीकडचं यंत्र अनेकदा ठणठणीत असतं, बोली तेवढी जुळत नाही: २०१७ च्या ४.१३ कर्नलपासून लिनक्स आपणहून नवी बोली बोलतो, जुन्या उपकरणाला एसएमबी-१ च कळते. शब्द हेही एक प्रमाण खरं, पण बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासू, आहे का, हे कोण बघणार?

त्यामानाने 'परमिशन डिनाइड' सरळ. घडा आहे, एवढं तरी ठरलं. उरला अधिकाराचा प्रश्न. फाइल वाचायला मोकळी, पण वरच्या फोल्डरमधून आत शिरायची मुभा नाही, हे नेहमीचं. लिनक्सचा पासवर्ड असला तरी सांबाचा पासवर्ड स्वतंत्रपणे ठरवावा लागतो, हेही विसरलं जातं.

दुकानात पोऱ्या पत्ता टाकतो. खिडकी पासवर्ड मागते. तो मालकाकडे बघतो. मालक मागच्या खोलीत डायरी शोधायला जातो.