एकाच वाफ्यातली भाजी



गेल्या पावसाळ्यापासून आपल्या धर्मग्रामात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, साडेआठच्या मिस्सानंतर, सभागृहात परसबागेचा वर्ग भरतो हे आपणांस ठाऊक आहेच. घरच्या घरी सेंद्रिय भाजी कशी पिकवावी हे तेथे शिकवले जाते. वाडी असलेले येतात, वाडी विकून टाकलेले येतात आणि नव्या इमारतींत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणारेही येतात. भाजीची साले, चहाचा चोथा आणि सुका पालापाचोळा ह्यांचे थर लावून खत कसे करायचे, फळांच्या रिकाम्या खोक्यांत मेथी कशी पेरायची, पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाण्यात अर्क कसा काढायचा, मावा पडला तर चुलीतली राख केव्हा भुरभुरायची, अशा गोष्टी तेथे समजतात. आमच्यापैकी ज्यांच्या पाच पिढ्या वाडीत गेल्या, त्यांनाही ह्यातले निम्मे नव्याने शिकावे लागत आहे. राखेचे मात्र आमच्या आईला ठाऊक होते. आम्हीच विसरलो.

पहिल्याच वर्गात सिस्टरांनी प्रत्येकाला उभे करून विचारले, "तुम्हाला घरी भाजी का लावायची आहे?" एकाने सांगितले, भाजी फार महाग झाली आहे. एक आजी म्हणाल्या, गुडघ्यांमुळे वाडीत जाणे होत नाही, अंगणात तरी हात मातीत राहतील. (मला ते उत्तर सर्वांत आवडले.) पण बहुतेकांचे उत्तर एकच होते. बाजारातली भाजी म्हणजे निव्वळ विष, ते मुलाबाळांच्या पोटात जायला नको. माझी पाळी आली तेव्हा मीही हेच सांगितले. मला चार वर्षांची नात आहे.

घरी परतताना माझी पत्नी गप्प होती. बावखलाच्या वळणावर आल्यावर ती म्हणाली, "सगळे म्हणाले, बाजारातली भाजी विष. ती बाजारात नेतं कोण?"

मी उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच. माझी पत्नी गेली बावीस वर्षे आठवड्यातून तीन दिवस पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात टोपल्या चढवून मुंबईला भाजी विकायला जाते. तिच्या आधी माझी आई जात असे. तिची गिऱ्हाइके ठरलेली आहेत. त्यांच्या मुलांची लग्ने झालेली, नातवंडे झालेली तिला माहीत आहेत. "वसईची मावशी" म्हणून तिच्यावर विश्वास ठेवून ते शेजारच्या गाड्यावरची स्वस्त भेंडी सोडून तिच्याकडून घेतात.

आमच्या वाडीत भेंडी, वांगी आणि कारली ह्यांच्यावर फवारणी होते. विहिरीच्या बाजूला मात्र चार वाफे वेगळे आहेत. त्यांत लाल माठ, मुळा, मेथी आणि कुंपणाला एक-दोन वेल दुधीचे. त्यांच्यावर कधी पंप फिरला नाही. 'घरचे वाफे' असे आम्ही त्यांना म्हणतो. आई होती तेव्हापासून ते आहेत. ते वेगळे का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. परसबागेच्या वर्गात जाऊन मी आणखी दोन वाफे त्यांत वाढवले, आणि तोच प्रश्न समोर उभा राहिला.

आता ह्यावर थोडा शांतपणे विचार करू. आपल्या मुलाला आधी चांगले खाऊ घालावे, ह्यात पाप काहीच नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात ह्याच प्रश्नाचा खल केला आहे. प्रेमाला क्रम असतो का, की सर्वांवर सारखेच प्रेम करायचे? त्यांचे उत्तर असे की क्रम असतो, आणि जे रक्ताने व सहवासाने आपल्या जवळ आहेत त्यांचे आपल्यावर देणे अधिक असते. शेजाऱ्याच्या मुलाला दूध देऊन स्वतःच्या मुलाला उपाशी ठेवणाऱ्या बापाला कोणी संत म्हणणार नाही. तेव्हा माझ्या घरचे वाफे वेगळे असण्यावर कोणाला आक्षेप घेता येणार नाही, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावले.

पण हा क्रम चांगले देण्याचा आहे. माझ्याकडे एकच भाकर असेल तर ती नातीला द्यावी, हे खरे. अपाय करण्याच्या बाबतीत जवळचे-दूरचे असा क्रम कोणी लावून दिलेला नाही. नातीला इजा करणार नाही आणि दादरच्या बाईंच्या नातवाला केली तर चालेल, असे कोणतेही शास्त्र म्हणत नाही. आपल्याशी लोकांनी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, ही प्रभूची शिकवण आपल्याला पहिल्या कम्युनियनच्या आधीपासून पाठ आहे. मला कोणी असे सांगितले की दूधवाला स्वतःच्या घरासाठी वेगळी म्हैस राखतो आणि आपल्याला दुसरेच दूध घालतो, तर मी काय करीन? उद्यापासून त्याला दारात उभा करणार नाही.

कोणी म्हणेल, विष हा शब्दच आपण फार सैल वापरतो. ते बरोबर आहे, मीही तो तसाच वापरला. कोणत्या पिकावर कोणते औषध किती मारावे आणि मारल्यावर किती दिवस तोडणी करू नये हे डब्यासोबतच्या कागदावर लिहिलेले असते. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. अन्नात किती अंश राहिलेला चालेल ह्याच्या मर्यादाही सरकारने ठरवून दिल्या आहेत. हे सर्व पाळून पिकवलेली भाजी खाऊन कोणी लगेच आजारी पडत नाही, आणि सेंद्रिय म्हणून विकली जाणारी प्रत्येक भाजी शुद्ध असते असेही नाही. पण खरे बोलायचे तर आपल्यापैकी किती जणांनी तो कागद वाचला आहे? त्याची अक्षरे मुंगीच्या पायाएवढी. मोनोक्रोटोफॉस भाजीवर वापरायला २००५ सालीच बंदी आली होती. मला ती कित्येक वर्षांनी कळली, आणि मधल्या काळात मी काय करत होतो ते सांगायची आवश्यकता नाही. भेंडी तर एक दिवसाआड तोडावी लागते. आज मारले आणि सात दिवस थांबायचे म्हटले तर भेंडी निबर होऊन फेकावी लागेल. म्हणून थांबत नाहीत. आम्हीही थांबत नव्हतो.

आजवर आम्हाला एक सबब होती, आम्हाला काय ठाऊक? घरच्या वाफ्यांनी ती सबब काढून घेतली आहे. ज्याने स्वतःसाठी न फवारलेला वाफा राखला, त्याला ठाऊक होते हे तो वाफाच सांगतो. गव्हाबरोबर भुसकट विकणाऱ्या व्यापाऱ्यांना आमोस संदेष्ट्याने खडसावले होते. त्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या घरी कोणता गहू दळला असेल, ते मला आता सांगता येते.

ज्यांची फवारणीशी सर्वांत जवळून गाठ पडते त्यांचा तर आपल्या वर्गात उल्लेखही झालेला नाही. पाठीवर पंप आपण स्वतः किती वेळा घेतो? आमच्या वाडीत कामाला येणारा आदिवासी गडी घेतो. तोंडाला फडके, पायांत काही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात विदर्भात, मुख्यतः यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ती बातमी आपण वर्तमानपत्रात वाचली, हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी गड्याच्या हातात पंप दिला. ज्याच्या घरी वाफा नाही, अंगणही नाही, त्याला परसबागेचा वर्ग काय शिकवणार? हा प्रश्न मी सिस्टरांना विचारला आहे. त्यांनी पुढच्या महिन्यात त्याच्या पाड्यावर जाण्याचे ठरवले आहे, हे येथे नमूद करतो.

आपल्याच राज्यात एका बाईने परसबागेचे काम केले ते मला ह्या संदर्भात फार मोलाचे वाटते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. घरातले नातवंड वारंवार आजारी पडू लागले तेव्हा त्यांना शंका आली ती संकरित बियाण्याच्या आणि फवारलेल्या भाजीची. त्यांनी जुनी गावरान वाणे जमवायला सुरुवात केली. येथपर्यंत त्यांची गोष्ट तुमच्या-माझ्यासारखीच आहे, नातवासाठी आजीने केलेली धडपड. पण त्या स्वतःच्या अंगणाशी थांबल्या नाहीत. बाएफ संस्थेच्या साहाय्याने त्यांनी बियाण्याची बँक उभी केली आणि परसबागेसाठी गावोगावच्या बायकांना बियाणे दिले. घेतलेले बियाणे पुढच्या हंगामात दुप्पट करून परत करायचे, अशी तेथील रीत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. स्वतःच्या नातवाच्या निमित्ताने सुरू झालेले काम परक्या घरांतल्या नातवंडांपर्यंत पोहोचले. आमचे काम सहा वाफ्यांत अडकले होते.

इकडे आपल्या वसईत वाड्या वाचाव्यात म्हणून हरित वसईच्या चळवळीत दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यामागे आपली माणसे रस्त्यावर उतरली. हिरवळ राखली म्हणून आपण अभिमान बाळगतो, तो रास्तही आहे. त्या हिरवळीतून टोपलीत काय जाते, हे मात्र आपण एकमेकांना विचारत नाही. विचारले तर शेजारधर्म बिघडतो.

ह्यावर वाडीवाल्यांचे जे म्हणणे आहे ते मी स्वतःच मांडतो, कारण ते माझेही आहे. किडके वांगे कोण घेते? गिऱ्हाईक भेंडी मोडून बघते, वांगे उलटसुलट करून बघते, एक भोक दिसले की टोपलीत परत टाकते. व्यापाऱ्याकडे घातले तर अर्धा भाव. एकट्याने फवारणी सोडली तर शेजारच्या वाडीतली कीड आपल्याकडे येते, भाव त्याला मिळतो आणि आपण मुलांच्या फीसाठी वाडीचा तुकडा विकायला काढतो. म्हणजे ह्यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. आपल्या वर्गात इमारतीतून येणाऱ्या भगिनींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांतली एक जण म्हणाली, "काका, तुम्ही सांगा की ह्यावर मारलेलं नाही, मी भोकाचं घेईन." मी हसलो. नंतर वाटले, आजवर मी हे कोणाला सांगितले तरी होते का? सांगायचे तर बाकीच्या टोपलीविषयीही सांगावे लागले असते.

शेवटी मी आणि पत्नीने घरात एक नियम केला. सर्व वाडी एका दिवसात सेंद्रिय करणे आम्हाला झेपणार नाही. पण घरचे वाफे वेगळे ठेवायचे नाहीत. जी ओळ बाजारासाठी, त्याच ओळीतली भाजी घरच्या ताटात. मारायचे असेल तर मारावे, पण आपण ते खाणार आहोत हे धरून मारावे.

ह्याने काय झाले ते सांगतो. डब्यावरचा कागद मी पहिल्यांदा भिंग घेऊन वाचला. भेंडीवर आता निंबोळी अर्कच, आणि तो आम्ही वर्गात शिकल्याप्रमाणे घरी काढतो. वास फार येतो, सूनबाई नाक धरते. कारल्याच्या मांडवाला फळमाशीचे सापळे टांगले, ते चांगले चालले. माल थोडा कमी निघाला. पत्नीने तिच्या गिऱ्हाइकांना सरळ सांगून टाकले की भेंडीवर काही नाही, वांग्यावर आहे. दोघीतिघींनी वांगी घेणे बंद केले. एका म्हाताऱ्या बाईंनी तिला विचारले, "मग इतकी वर्षं?" ती म्हणते, त्यावर मला खाली बघावे लागले. त्या बाई अजून तिच्याकडूनच भाजी घेतात.

वांग्याचे मात्र आमच्याने अजून जमलेले नाही. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे लावले, पोखरलेले शेंडे खुडून जाळले, तरी दिवाळीनंतर पीक हातचे जाऊ लागले. मी दोनदा फवारले. कागदावर लिहिल्याप्रमाणे दिवस मोजले, मग तोडणी केली आणि नियमाप्रमाणे तीच वांगी घरी शिजवली. मी जेवलो, पत्नी जेवली, मुलगा जेवला. सूनबाईने नातीच्या ताटात वरण-भात वाढला, वांगे वाढले नाही. मी तिला काही म्हणालो नाही. उरलेल्या दोन टोपल्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीत चढल्या.